मापकाचा आधार

दुसर्‍याच्या कामाची परीक्षा करावयाची तर परीक्षक त्या कामांत त्याच्याहून सरस असला पाहिजे, अशी आपल्या सर्वांची समजूत असते. ही समजूत व्यवहारांत मोठी सोयीची आहे. कोणी दोष दाखविला कीं, "तुम्ही कोण सांगणार? आधीं स्वतःकडे पाहा," असें म्हणून त्याचें तोंड बंद करतां येतें, आणि ज्याला दोष दिसत असूनहि बोलण्याचें धैर्य होत नाहीं त्याला, "आपण तरी कोठें निर्दोष आहोंत?" असें म्हणून स्वस्थ बसतां येतें. एकाच समजुतीनें उद्धट आणि भित्रा या दोघांचीहि सोय होत असेल, तर ती एकदां नीट तपासून पाहणें इष्ट होय. त्यासाठीं आम्ही जें उदाहरण घेणार आहोंत तें लेथच्या कारखान्यांतील असून काव्यविवेचनाची सवय झालेल्या वाचकांस कदाचित् रुक्ष वाटेल. परंतु या प्रश्नाचें जें उत्तर आम्हांस पुस्तकांतून अर्धवट मिळालें होतें, तें एका टर्नरानें घरीं बनविलेल्या स्टँडांत पुरतें सांपडलें, असें आमचें प्रामाणिक मत आहे.

यंत्रशाळेंत डायल गेज म्हणून एक उपकरण असतें. कारागीर त्याला नुसतें 'डायल' म्हणतात, आणि आम्हीहि तसेंच म्हणूं. खिशांतल्या घड्याळाएवढी गोल डबी, तिच्या पोटांतून खालीं आलेली एक बारीक दांडी, आणि तोंडावर शंभर भागांची तबकडी, असें त्याचें नेहमींचें रूप. दांडी एक मिलिमीटर आंत सरकली कीं कांटा एक पूर्ण फेरा करतो. म्हणजे तबकडीवरचा एक भाग हा मिलिमीटराचा शंभरावा हिस्सा. आंतली यंत्ररचना दांतेरी चाकांची, घड्याळाशीं नातें सांगणारी. आणि घड्याळांसाठींच प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेंतील वॉल्थम गांवच्या जॉन लोगन यानें अशा मापकाच्या पेटंटासाठीं १८८३ सालीं अर्ज केला होता. लेथच्या चकांत बसविलेला गोल जॉब बरोबर मध्यावर फिरतो आहे कीं किंचित् एका अंगाला उडतो आहे, हें डोळ्यांना दिसत नाहीं. डायलची दांडी जॉबच्या अंगाला टेंकवून चक हातानें सावकाश फिरविला कीं कांटा पुढेंमागें होऊन तें सांगतो.

पण डायल हवेंत उभा राहात नाहीं. त्याला कोणी तरी धरलें पाहिजे, आणि माणसाचा हात त्या कामाला निरुपयोगी आहे; कारण हाताचा कंप शतांश मिलिमीटराच्या कितीतरी पट असतो. म्हणून स्टँड लागतो. बाजारांत चुंबकाच्या बैठकीचे स्टँड मिळतात. तथापि लहान कारखान्यांतून घरीं बनविलेले स्टँडहि अजून दृष्टीस पडतात. असा एक आम्हीं कोल्हापुरास शिवाजी उद्यमनगरांत एका टर्नराच्या लेथवर पाहिला. टूलपोस्टांत धरतां येईल असा चौकोनी पोलादी तुकडा. त्यांत आटे पाडून उभा केलेला बारा मिलिमीटर व्यासाचा दांडा. त्यावर वरखालीं सरकणारा आणि भोंवतीं फिरणारा क्लँप. क्लँपांतून आडवा गेलेला दुसरा दांडा. आणि त्याच्या टोंकाला, आठ मिलिमीटरांचें भोंक पाडून एका बाजूनें चिरलेला लहानसा ठोकळा. डायलची मान त्या भोंकांत बसते, आणि स्क्रू आंवळला कीं चीर मिटून ती घट्ट धरली जाते. सगळें सामान भंगारांतलें; करवत, ड्रिल, टॅप आणि कानस एवढ्यांवर झालेलें काम. कानशीच्या खुणा अंगावर तशाच होत्या, आणि दोन दांड्यांमधील काटकोन हा काटकोन नव्हता, हें आमच्यासारख्या अनभिज्ञालाहि दिसत होतें.

आम्हांस नवल वाटलें तें येथें. ज्या हातानें आणि ज्या हत्यारांनीं हा स्टँड झाला त्यांना अर्ध्या मिलिमीटराच्या आंत बाहेर काम साधणें हीच मर्यादा दिसत होती. आणि त्याच स्टँडावर बसून डायल शतांश मिलिमीटराचा निवाडा देत होता, आणि तो निवाडा खरा ठरत होता! सामान्य समजुतीप्रमाणें हें अशक्य असावयास पाहिजे. आम्हीं तसें बोलूनहि दाखविलें. टर्नरानें उत्तर म्हणून डायल जॉबला टेंकविला, तबकडी फिरवून कांट्याखालीं शून्य आणलें, आणि आडव्या दांड्याला बोटानें एक टिचकी मारली. कांटा थरथरला, आणि पुन्हां शून्यावर येऊन थांबला. "परत आला न्हवं, सर? मग चालतंय," एवढेंच तो म्हणाला, आणि कामाला लागला.

या चार शब्दांत जें प्रमेय आहे तें असें. स्टँडाकडून आपल्याला अचूकपणा नकोच असतो. त्याची लांबी किती, कोन किती, तो सरळ आहे कीं तिरपा, यांचा मापाशीं बहुतांशीं संबंध येत नाहीं. डायल दाखवितो तो केवळ फरक, या क्षणाचा आणि मागल्या क्षणाचा. जॉब एक फेरा करीपर्यंत स्टँड जागचा हलला नाहीं, म्हणजे त्याचें काम झालें. अचूकपणा आणि स्थिरपणा हे दोन गुण आपण नेहमीं एकाच नांवानें ओळखतों, पण ते भिन्न आहेत; आणि पहिला विकत घ्यावा लागतो, तर दुसरा कानस हातीं असलेल्या कोणासहि बर्‍याच अंशीं साधतां येतो. 'बहुतांशीं' म्हणण्याचें कारण एवढेंच कीं, डायलची दांडी मात्र ज्या दिशेनें हालचाल मोजावयाची त्याच दिशेंत असावी लागते. ती दहा अंशांनीं तिरपी बसली तर माप शेंकडा सुमारें दीडनें वाढून दिसतें, आणि तीस अंशांनीं बसली तर शेंकडा पंधरांहूनहि अधिक. स्टँड कसाहि असो, त्यावरच्याची दृष्टि सरळ असली पाहिजे.

आतां स्थिरपणा म्हणजे तरी काय? पोलाद वांकत नाहीं असें आपण म्हणतों तें डोळ्यांना दिसत नाहीं म्हणून. दहा मिलिमीटर जाडीचा पोलादी दांडा दोनशे मिलिमीटर बाहेर काढून त्याच्या टोंकाला दीडशे ग्रॅम वजनाचा डायल लटकाविला, तर केवळ त्या वजनानेंच टोंक सुमारें चार शतांश मिलिमीटर खालीं येतें. दांडा दुप्पट लांब केला तर वांक आठपट होतो; दुप्पट जाड केला तर सोळावा हिस्सा राहतो. म्हणजे ज्या उपकरणानें एक शतांशाचा फरक पकडावयाचा, त्याचा आधार स्वतःच चार शतांशांनीं लवलेला असतो. असें असूनहि लेथवर कांहीं बिघडत नाहीं. कारण जॉब फिरतो, स्टँड फिरत नाहीं, आणि वांक आरंभीं होता तितकाच शेवटीं असतो. दोष आहे, पण तो दोन्ही वाचनांत सारखा असल्यामुळें वजाबाकींत निघून जातो.

तोच स्टँड मोटर आणि पंप यांचे दांडे एका रेषेंत आणण्यासाठीं वापरला म्हणजे मात्र प्रकरण निराळें होतें. तेथें स्टँड एका दांड्यावर बांधून त्याच्याबरोबर फिरवावा लागतो. डायल वर असतांना तो वांकामुळें दुसर्‍या दांड्यावर दाबला जातो. अर्धा फेरा होऊन खालीं आला कीं त्याच वांकामुळें दांड्यापासून दूर जातो. आणि चार शतांशांचा दोष दुप्पट होऊन आठ शतांशांचें खोटें माप पदरांत पडतें. जाणते फिटर यावर उपाय करतात तो असा: स्टँड आधीं एका जाड, सरळ पाइपावर बांधावयाचा, वरच्या बाजूला शून्य लावावयाचें, आणि पाइप उलटा करून खालच्या बाजूचें वाचन घ्यावयाचें. त्या पाइपांत जोड नाहीं, तेव्हां कांटा जें कांहीं दाखवील तो सगळा स्टँडाचाच अवगुण. तो लिहून ठेवावयाचा, आणि पुढें प्रत्येक मापांतून वजा करावयाचा. गवंडी पाणसळ टोंकाटोंकांनीं उलटी करून पाहतो तेंहि याच जातीचें आहे.

तर्कशास्त्राच्या अभ्यासकाला येथें एक जुना वाद आठवल्यावांचून राहणार नाहीं. प्रमेयें प्रमाणांनीं सिद्ध होतात, तर प्रमाणें कशानें सिद्ध होतात? दुसर्‍या प्रमाणांनीं म्हणाल तर त्यांना तिसरीं लागतील, आणि या माळेला अंत नाहीं. आपोआप म्हणाल तर तोच न्याय प्रमेयांना कां नको? नागार्जुनानें विग्रहव्यावर्तनींत हा पेंच मोठ्या कौशल्यानें घातला आहे. न्यायसूत्रांच्या दुसर्‍या अध्यायांत अशाच आक्षेपाचा विचार असून तेथें दृष्टांत येतो तो तराजूचा. तराजूनें सोनें तोलतों तेव्हां तराजू प्रमाण. पण ज्याचें वजन ठाऊक आहे अशा सोन्यानें दुसरा एखादा तराजू पारखून घेतों तेव्हां सोनें प्रमाण आणि तराजू प्रमेय. प्रमाण असणें ही कोणा वस्तूची जात नसून त्या वेळेपुरती तिच्याकडे आलेली कामगिरी आहे, आणि जो आज तोलतो त्याला उद्यां तोलून घेण्यांत कमीपणा नाहीं. पाइपावर उलटा केलेला स्टँड हा नैयायिकांच्या तराजूचा सख्खा भाऊ होय. नागार्जुनाचा पेंच यानें सुटला असें आम्ही म्हणत नाहीं. त्याला निरपेक्ष आधार पाहिजे होता, आणि तो येथेंहि मिळत नाहीं. पण तो मिळाल्यावांचून मोजतांच येत नाहीं, हें मात्र खोटें ठरतें.

निरपेक्ष आधार एका ठिकाणीं बसवून पाहण्याचा प्रयोगहि जगानें करून पाहिला आहे. १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्र येथें प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक दंडगोल तुकडा जपून ठेवला होता, आणि त्याचें वस्तुमान हाच किलोग्रॅम अशी व्याख्या होती. त्याच्याबरोबर केलेल्या प्रतींशीं त्याची तुलना झाली तेव्हां शंभर वर्षांत त्यांच्यांत सुमारें ५० मायक्रोग्रॅमपर्यंत अंतर पडल्याचें आढळलें. मूळ तुकडा हलका झाला कीं प्रती जड झाल्या? व्याख्येप्रमाणें मूळ तुकडा चुकूंच शकत नव्हता. आणि जो चुकूंच शकत नाहीं त्याच्याविषयीं हा प्रश्न नुसता विचारणेंहि कठीण. अखेर २० मे २०१९ पासून त्या तुकड्याची सत्ता संपली आणि किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर बसविण्यांत आला. ज्याची परीक्षा करतां येत नाहीं असा परीक्षक फार दिवस सोयीचा वाटला, तरी विश्वासास पात्र राहिला नाहीं.

आतां परीक्षकाची जागा. आमच्या मतें सगळ्या प्रकरणांतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलें जातें. डायलची बैठक लेथच्या सरकत्या कॅरेजवर ठेवून त्याची दांडी त्याच कॅरेजवरील टूलपोस्टाला टेंकवा, आणि कॅरेज या टोंकापासून त्या टोंकापर्यंत चालवा. कांटा जागचा हलणार नाहीं. कॅरेज सरळ धांवते असें यावरून कोणी म्हणेल तर शिकाऊ पोरेंहि हंसतील. डायल कॅरेजबरोबरच प्रवास करीत होता, त्याला प्रवास दिसणार कोठून? उलट बैठक शेजारच्या टेबलावर ठेवली, तर टेबलाचे हादरे आणि जमिनीचा कंप हे सगळे लेथचे दोष म्हणून कांट्यावर उमटतील. बैठकीची योग्य जागा म्हणजे त्याच लेथचा बेड, पण त्यावरचा न हलणारा भाग. त्याच पायावर, आणि तरीहि हलणार्‍यापासून वेगळें.

समाजाच्या टीकाकारांना हा नियम लावून पाहण्यासारखा आहे. लोकहितवादींनीं १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रांत जीं शतपत्रें लिहिलीं त्यांबद्दल त्यांच्यावर मोठा आक्षेप हा कीं, हे गृहस्थ इंग्रजांच्या टेबलावर बैठक ठेवून आपल्या लोकांचीं मापें घेतात. ते सरकारी नोकरींत होते हें खरें, आणि इंग्रजी राज्याविषयींचा त्यांचा कांहीं भरंवसा आज वाचतांना भाबडा वाटतो हेंहि खरें. तेवढे हादरे त्यांच्या कांट्यावर उमटले आहेत. पण त्यांनीं मराठींत लिहिलें, ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांच्यासाठींच लिहिलें, आणि सर्वांत कडक शब्द राखून ठेवले ते स्वतःच्याच जातीसाठीं. बैठक त्याच बेडावर होती. जे लोक चालत्या कॅरेजवर बसून "आमच्या समाजांत कांहीं हललेलें आम्हांस दिसत नाहीं" असें म्हणत होते, त्यांच्यापेक्षां त्यांचें वाचन कितीतरी पटींनीं खरें होतें. आपल्या भाषेंत तटस्थ म्हणून शब्द आहे. तट म्हणजे नदीचा कांठ. कांठावर उभा राहील त्यालाच पाणी वाहतांना दिसेल. त्याच तट शब्दाचा मराठींत दुसरा अर्थ पक्ष असा होऊन बसला आहे, आणि गांवांत दोन तट पडले म्हणजे काय होतें तें वाचकांस सांगावयास नको.

स्टँड हवा तसा वळविण्याच्या सोयीबद्दल दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण घरीं स्टँड बनविणाराची खरी कसोटी तेथें लागते. डायल हव्या त्या जागीं, हव्या त्या कोनांत नेतां यावा म्हणून सांधे ठेवावे लागतात, आणि प्रत्येक सांधा म्हणजे सैलपणाला उघडलेलें एकेक दार. पांच सांध्यांचा स्टँड कोठेंहि पोंचतो, आणि टिचकी मारल्यावर कांटा परत येत नाहीं. नवशिके नेहमीं या मोहाला बळी पडतात, असें त्या टर्नराचें म्हणणें. त्यानें स्वतः सांधे दोनच ठेवले होते. आणि शून्य बारीक जुळविण्यासाठीं तिसरा सांधा न करतां एक युक्ति केली होती ती आम्हांस फार आवडली. बैठकीच्या ठोकळ्याला करवतीनें एक खोल काप घेऊन तळाशीं दोनएक मिलिमीटर पोलाद अखंड राखलें होतें, आणि वरून एक स्क्रू असा बसविला होता कीं, तो फिरविला म्हणजे कापाची फट किंचित् उघडावी. तेवढ्यानें ती अखंड राहिलेली पातळ पट्टी वांकते आणि डायल केंसभर सरकतो. येथें एकावर एक घासणारे दोन भाग नाहींत, म्हणून सैलपणाहि नाहीं. हालचाल होते ती पोलादाच्या स्वतःच्या लवचिकपणानें, आणि स्क्रू सोडला कीं पोलाद आपल्या मूळ जागीं परत येतें. परिस्थितीप्रमाणें वळणारीं माणसेंहि या दोन प्रकारचीं असतात, कांहीं सांध्यांत वळणारीं आणि कांहीं अंगानें वळणारीं. त्यांतलीं कोणतीं परत येतात हें आम्हीं निराळें सांगत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, स्टँड बाजारांत मिळत असतां घरीं करण्यांत विशेष तें काय? हस्तकौशल्याचें स्तोत्र गाण्याची आमची इच्छा नाहीं. विकतचा स्टँडहि पाइपावर उलटा करून दोन मिनिटांत पारखतां येतो, आणि घरीं केलेल्या वस्तूवर करणाराचें इतकें प्रेम असतें कीं, पुष्कळदां तीच पारखावयाची राहून जाते. फरक आहे तो एवढाच: विकत घेणारास वस्तूच्या दोषाचा संशय येण्याचें कारण नसतें, आणि करणारास तो संशय पहिल्या दिवसापासून असतो. कोणता स्क्रू थोडा जास्त आंवळावा लागतो, दांडा किती बाहेर काढला कीं भरंवसा संपतो, हें त्याला ठाऊक असतें. हें ज्ञान प्रामाणिकपणें वापरलें तर तें छापील प्रमाणपत्राहून मोलाचें. न वापरलें तर दोन्ही सारखींच.

मूळ प्रश्नाकडे येऊं. परीक्षक परीक्ष्याहून सरस असावा लागत नाहीं. तो निवाड्याच्या वेळेपुरता स्थिर असावा, योग्य जागीं उभा असावा, आणि त्याचा वांक किती हें त्याला व इतरांना कळलेलें असावें. आम्हीं तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, आणि या धंद्यांत कडक परीक्षक व सढळ परीक्षक असे दोन वर्ग करण्याची रीत आहे. वस्तुतः दोघेहि निरुपद्रवी. कडक तो शेवटपर्यंत कडक असला तर त्याचा दोष गुणांच्या यादींतून वजा करतां येतो. विद्यार्थ्याचा घात करतो तो सकाळीं कडक आणि जेवणानंतर सढळ असणारा. आणि खेदाची गोष्ट ही कीं, असा परीक्षक स्वतःस समतोल समजतो, कारण त्याची सरासरी बरोबर येते.

तथापि दृष्टांत ताणूं नये. पोलादाचा दांडा लवतो तो वजनामुळें, आणि तितक्याच वजनानें तितकाच. जॉब कोणाच्या मालकीचा आहे हें त्याला ठाऊक नसतें. माणसाचा वांक मात्र समोर कोण आहे हें पाहून बदलतो, आणि आपली परीक्षा चालली आहे असें कळलें कीं तेवढ्यापुरता नाहींसाहि होतो. तेव्हां त्याला पाइपावर बांधून उलटें करण्याची युक्ति पुरत नाहीं. येथें आम्हांस व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाची पद्धति अधिक जवळची वाटते. सपाट पृष्ठ कसें निर्माण करावें यावर त्यानें १८४० सालीं ग्लासगो येथें निबंध वाचला. मुद्दा असा कीं, दोन लोखंडी पाट एकमेकांवर घासून, खरवडून अगदीं जुळविले तरी ते सपाट ठरत नाहींत. एक फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असूनहि ते तंतोतंत जुळतील. म्हणून तिसरा पाट घ्यावयाचा, आणि तिघांनाहि आळीपाळीनें एकमेकांशीं जुळवीत जावयाचें. पहिला दुसर्‍याशीं, दुसरा तिसर्‍याशीं आणि तिसरा पहिल्याशीं जुळला, म्हणजे तिघांनाहि सपाट होण्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि आरंभीं त्यांतला एकहि सपाट नव्हता.

दोन मित्र एकमेकांचे दोष कधीं काढीत नाहींत, पतिपत्नींचें जगाविषयीं एकमत असतें, एकाच गुरूचे दोन शिष्य एकमेकांच्या ग्रंथांची स्तुति करतात. फुगीर आणि खोलगट यांचें जुळणें तें हेंच. तिसरा पाट आला कीं भांडण लागतें, म्हणून त्याला कोणी बोलावीत नाहीं. आणि बोलाविलें तरी दोन तटांच्या गांवांत तो आणावयाचा कोठून? बाहेरगांवचा आणला तर तो शेजारच्या टेबलावरचा. गांवांतलाच घ्यावा तर तो आदल्या रात्रींच एका तटाशीं घासून बसविलेला असतो.